आधी त्या घरचं पाणी

धुरपताबाईंना घर पसंत होतं. फक्त त्या घरात त्यांना पाणी मिळत नव्हतं.

हे आठवलं की आजही माझं डोकं तापतं. कोणावर तापायला हवं, याबद्दल माझं मत मध्ये एकदा बदललं, एवढंच. पण ते सांगायचं तर आधी धुरपताबाई कोण, हे सांगायला हवं.

सेनगाव तालुक्यातल्या एका लहानशा शाळेत मी बरीच वर्षं शिकवलं. शाळेच्या मागं पत्र्याची एक खोली होती. तिथं पोरांची खिचडी शिजायची आणि ती शिजवायच्या धुरपताबाई. त्या पलीकडच्या तांड्यावरून चालत यायच्या. बाई उंच, हाडापेरानं मजबूत, बोलायला कमी. पोरांना नावानं हाक मारणं त्यांना जमायचं नाही. "ए लांब्या, ताट धुऊन ये." "ए नकटे, अजून घे की गं." एकाही लांब्याला किंवा नकटीला त्याचा राग आल्याचं मला आठवत नाही.

त्यांची एक रीत होती. सकाळी हापशाचं पाणी भरून आणलं की चुलीवर पातेलं चढवायच्या आधी त्या तांब्याभर पाणी स्वतः प्यायच्या. तहान असो नसो. मग तांदूळ निवडत थोडा वेळ बसायच्या आणि त्यानंतरच चूल पेटायची. मी एकदा विचारलं.

"लेकरांच्या आधी माझ्या पोटात जाऊ द्या, बाई."

"आणि तुमच्या पोटाला काही झालं तर?"

"माझं पोट जुनं हाय."

पुढं कधीतरी कळलं. त्यांचा थोरला, किसनसिंग, चालायला-बोलायला लागलेलं पोरगं, हगवणीनं गेला होता. त्या साली अख्खा तांडा नाल्याचं पाणी पीत होता. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही कांदा चिरता चिरता.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढच्या माझ्या चुकीचं मूळ तिच्यात आहे. त्या कामाला लागल्या तेव्हा गावातल्या काही घरांनी आपल्या पोरांना त्यांच्या हातचं खायची मनाई केली. पोरं घरून डबे आणू लागली. मी एकेका घरी जाऊन बोलले. एक बाप पान चघळत म्हणाला, "शिजवू द्या की बाई, आमी कुठं आडवलं? फक्त आमचं पोरगं खाणार न्हाई." डबे पुढं बंद झाले, ते माझ्या बोलण्यानं नव्हे, फोडणीच्या वासानं. पण त्या बापाचं ते 'फक्त' माझ्या कानात राहिलं ते राहिलंच.

निवृत्तीनंतर मी हिंगोलीत राहते. धुरपताबाईंचा धाकटा प्रेमदास, माझा विद्यार्थी, हिंगोली डेपोत कंडक्टर आहे. त्याची बायको निलम एका दवाखान्यात नर्स आहे, आणि रुपा नावाची बालवाडीतली मुलगी आहे. भाड्याच्या दोन खोल्यांत तिघं राहतात. कनेरगाव नाक्याजवळ धुरपताबाईंच्या नावावर जमिनीचा एक तुकडा होता, तो रस्त्यात गेला. मोबदल्यात हिंगोलीत घर घ्यायचं, ते त्यांच्याच नावावर करायचं, आणि त्यांनी तांडा सोडून नातीजवळ यायचं, असं घरात ठरलं. आयुष्यात एकदाच होणारी गोष्ट होती. चुकली तर पुन्हा रस्त्यात जायला जमीन उरली नव्हती.

आणि घर सुचवलं मीच.

माझ्या गल्लीच्या टोकाला रस्ता ओलांडला की एक नवं लेआउट पडलंय. पालिकेचा नळ तिथवर अजून पोचलेला नाही, येणार येणार म्हणतात. तिथल्या एका घराला 'घर विकणे आहे' अशी पाटी लागली होती. घर जेमतेम दोन वर्षांचं. रंगाचा वासही पुरता गेलेला नव्हता. मालक ओमप्रकाश, बियाण्यांच्या कंपनीत नोकरीला. अकोल्याला बदली झाली म्हणून विकतोय, असं त्यानं सांगितलं. माणूस गोडबोल्या, इस्त्रीचा शर्ट, पायात घरातसुद्धा स्वच्छ चप्पल. मला तो बरा वाटला. प्रेमदासला फोन मीच केला.

पहिल्या दिवशी धुरपताबाई, प्रेमदास आणि मी गेलो. ओमप्रकाशनं घर दाखवायला सुरुवात केली.

"मावशी, ही फरशी बघा. वरून तेल सांडलं तरी डाग पडत नाही."

"मंग तेल सांडता काहून?" धुरपताबाईंनी विचारलं.

प्रेमदासनं आईला डोळ्यांनी दटावलं. ओमप्रकाश मात्र मनापासून हसला. त्यानं कपाटं उघडून दाखवली, दिव्यांची बटणं दाबून दाखवली, न्हाणीघरातला नळ सोडून दाखवला. पाणी छान धो धो पडलं. धुरपताबाई सगळ्या घरातून एकदा सावकाश फिरल्या. पुढच्या दारातून बाज आत जाईल का, हे त्यांनी दोन्ही हात पसरून पाहिलं. खिडकीतून ऊन कुठवर येतं, ते पाहिलं. मग बैठकीत येऊन सोफ्यावर न बसता उंबऱ्याजवळ खाली बसल्या आणि ओमप्रकाशच्या बायकोला, सुनिताला, म्हणाल्या, "पोरी, पाणी दे."

हे मागणं तहानेचं नव्हतं, हे मला माहीत होतं. त्यांच्या तांड्यावर सोयरिकीचं बोलणं असो की बैलाचा सौदा, आधी समोरच्या घरचं पाणी प्यायचं आणि मगच तोंड उघडायचं. पाणी मिळालं नाही तर बोलणं पुढं जात नाही. सुनितानं नवऱ्याकडं पाहिलं, आत गेली आणि दुकानातल्या पाण्याची सीलबंद बाटली घेऊन आली.

धुरपताबाईंनी ती हातात फिरवली. "हे तुमच्या घरचं न्हाई."

"शुद्ध आहे, मावशी. सीलबंद," ओमप्रकाश म्हणाला.

"व्हय. दुकानातलं हाय." त्यांनी बाटली न उघडता पिशवीत ठेवली, 'बघू' म्हणाल्या आणि उठल्या.

मला तेव्हाच कसंतरी झालं होतं. पण पाहुण्याला बाटली देण्याची आता पद्धतच पडली आहे, अशी मी माझी समजूत घातली.

दुसऱ्यांदा गेलो तो रविवार होता. निलम आणि रुपाही सोबत होत्या. निलमला स्वयंपाकघर इतकं आवडलं की ती ओट्यावरून हात फिरवत बोलत होती. या वेळी ट्रेमधून आंब्याचं थंड सरबत आलं. सगळ्यांनी घेतलं. धुरपताबाई पुन्हा म्हणाल्या, "पोरी, तांब्याभर पाणी दे की." आणि पुन्हा बाटली आली. ओमप्रकाश म्हणाला, "काय आहे मावशी, फिल्टर दुरुस्तीला टाकलाय."

तेवढ्यात रुपा ओट्यापाशी गेली, टाचा उंचावून तिनं नळाखाली ओंजळ धरायला हात पुढं केला. सुनिता अक्षरशः धावली. लेकराचं मनगट धरून तिनं तिला मागं ओढलं आणि हातात सरबताचा दुसरा पेला दिला. तिचा चेहरा उतरला होता. मी ते पाहिलं, आणि मला वाटलं, मला सगळं समजलं.

लेकरू. पाच वर्षांचं लेकरू. त्यालाही यांच्या नळाला हात लावू देत नाहीत. फरशी विकायची, भिंती विकायच्या, मोबदल्याचा पैसा चालतो. तांड्यावरच्या बाईला तांब्या मात्र चालत नाही. इतक्या वर्षांपूर्वीचा तो पान चघळणारा बाप निदान मळक्या धोतरात होता. हा इस्त्रीच्या शर्टात.

परत येताना मी धुरपताबाईंना गाठलं. "तुम्हाला कळलं ना, काय चाललंय ते?"

"काय?"

"तुम्ही प्यायलात तर त्यांचा तांब्या विटाळतो."

त्या म्हणाल्या, "असल. पण बाटली देतानी ती पोरगी माझ्याकडं बघत नव्हती. विटाळ धरणारं माणूस बराबर डोळ्यात बघतं, बाई. मी लई पाहिलेत."

मी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. मनात राग भरला की आपल्याला दुसऱ्याचं शहाणपण ऐकू येत नाही.

त्या आठवड्यात प्रेमदासच्या खोलीवर घराची चर्चा झाली. मी होतेच. निलमच्या बोटावर सगळं तयार होतं: शाळा जवळ, तिचा दवाखाना जवळ, डेपो लांब नाही, रंगरंगोटीचा खर्च नाही, सामान उचलायचं आणि जायचं.

"याडी, तू सांग," प्रेमदास म्हणाला. तो आईला याडीच म्हणतो. "तुला काय खटकतंय?"

"काही न्हाई. घर चांगलं हाय. दारातून बाज जाती. मागं तुळस लावायला जागा हाय."

"मग?"

"पाणी न्हाई मिळालं."

"याडी, इथं तांडा न्हाई. इथं लोक बाटलीच देतात. तू त्या माणसाला तकलीफ देऊन राहिली उगंच. दुसरं गिऱ्हाईक उभं हाय म्हणतो तो."

"मंग त्याला तरी पाणी पाजलं का, इचार."

निलमला हसू आलं, प्रेमदासला नाही. तो दिवसभर गाडीत माणसं मोजून आलेला. आईच्या तांब्यापुढं त्याचं काही चालेना. मी मध्ये पडले आणि म्हणाले की अपमान गिळून घर घेऊ नये. प्रेमदास माझ्याकडं वळला. "बाई, अपमान भाड्याच्या घरात पण होतो. तिथं तर दर महिन्याला होतो." शेवटी धुरपताबाई म्हणाल्या, "गुरुवारी जाऊ. इसार घेऊन चल. पाणी पिते आणि देते."

गुरुवारी इसाराचं पाकीट प्रेमदासच्या खिशात होतं. आम्ही तिघंच गेलो. ओमप्रकाशनं पेढे आणून ठेवले होते आणि पेढ्यांच्या शेजारी, रांगेत, पाण्याच्या बाटल्या.

त्या बाटल्या पाहिल्या आणि माझा तोल गेला. मी वर्गातसुद्धा कधी आवाज चढवत नसे. पण त्या दिवशी मी सुनितालाच धारेवर धरलं, कारण पाणी आणणारी तीच होती.

"सुनिताबाई, या बाईंनी शाळाभर पोरांना वर्षानुवर्षं जेवू घातलंय. त्यांच्या हातचं खाऊन पोरं तुमच्या साहेबांसारखी नोकरीला लागली. त्या तुमच्याकडं सोनं मागत नाहीत. तुमच्या घरचं पाणी मागतात. ते देताना तुमचं काय झिजतं?"

सुनिताचा चेहरा लालबुंद झाला. "मॅडम, तसं नाही हो."

"मग कसं आहे?"

ओमप्रकाशच मध्ये हसत म्हणाला, "मॅडम, गैरसमज होतोय. आम्ही असलं काही मानत नाही." तो हसत होता याचा मला आणखी संताप आला. प्रेमदास खाली मान घालून बसला होता. आईचा अपमान असा मोठ्यानं बोलून दाखवल्याचा त्याला माझाच राग आला असावा.

या सगळ्यात धुरपताबाई उठून मागच्या दारानं बाहेर गेल्या, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. आलं ते सुनिताच्या. ती एकदम मागं पळाली, तिच्यामागं आम्ही.

मागं धुणं धुवायची जागा होती. तिथला नळ धुरपताबाईंनी सोडला होता. वाकून त्यांनी ओंजळ भरली, तोंडाजवळ नेली आणि क्षणभर थांबल्या. त्या थांबल्या तेवढ्यात सुनितानं त्यांच्या हातावर फटका मारला. ओंजळीतलं पाणी त्यांच्या लुगड्यावर सांडलं.

मी ओरडणारच होते. शब्द ओठावर आले होते आणि ते चांगले शब्द नव्हते.

"नका पिऊ मावशी," सुनिता म्हणाली. तिला रडू फुटलं होतं. "आम्हीच पीत नाही ते. माझ्या पोराला दोनदा कावीळ झाली."

"सुनिता," ओमप्रकाश म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण त्यात आता गोडवा नव्हता.

"आता होऊ दे," ती म्हणाली. "परवा त्या पोरीनं ओंजळ धरली तेव्हापासून मला झोप नाही." आणि तिनं आम्हाला दाखवलं. भिंतीला लागून संडासची टाकी. टाकीजवळच बोअर. दोहोंच्या मध्ये धुरपताबाईंची बाज आडवी मावली नसती. पुढं गाडी उभी करायला मोकळी जागा हवी म्हणून ओमप्रकाशनं दोन्ही मागं एका कोपऱ्यात ढकललं होतं. पहिल्या पावसाळ्यात पाण्याला वास यायला लागला. आता दिसायला पाणी स्वच्छ, पण तोंडाजवळ नेलं की कळतं. बाटल्या त्यासाठी होत्या. फिल्टर दुरुस्तीला गेला नव्हता. फिल्टरनं भागत नाही म्हणून काढून ठेवला होता. बदलीही नव्हती.

एवढं सगळं बाहेर पडल्यावर माणूस निदान मान खाली घालतो. ओमप्रकाशनं घातली नाही. "सगळ्या लेआउटमध्ये थोडंफार असंच आहे," तो म्हणाला. "जार लावायचा. आजकाल घरचं पाणी पितं कोण? आणि मी आधीच सांगितलं असतं तर घेतलं असतं का तुम्ही?"

"न्हाई," धुरपताबाई म्हणाल्या.

"मग?"

"मंग सांगायचं व्हतं."

तो प्रेमदासकडं वळला, जणू समजूतदार माणूस आता तोच उरला होता. म्हणाला, किंमत थोडी कमी करू. प्रेमदासनं खिशावरचा हात काढला नाही. तो एवढंच म्हणाला, "माझी पोरगी रोज या नळावर आली असती, साहेब."

मला राहून राहून याचंच नवल वाटतं. या माणसाला माहीत नव्हतं असं नाही. कावीळ काय असते हे त्यानं स्वतःच्या घरात, स्वतःच्या पोराच्या डोळ्यांत दोनदा पाहिलं होतं. ते पाहून त्यानं टाकी हलवली नाही, बोअर बुजवला नाही. त्यानं भिंतींना नवा रंग दिला आणि पाटी लावली. दुसऱ्याच्या लेकरानं तेच पाणी प्यायचं आणि किंमत मात्र दोन वर्षांच्या नव्या घराची द्यायची. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याला वावगं वाटलं ते बायकोच्या बोलण्याचं. त्या पान चघळणाऱ्या बापाला मी आयुष्यभर मनात शिव्या घातल्या. त्यानं दुसऱ्याच्या लेकराला विष तरी विकलं नव्हतं.

धुरपताबाईंनी लुगड्याला हात पुसले आणि सुनिताकडं वळल्या. "आता दे पोरी. तुमी जे पिता ते."

सुनितानं आत जाऊन जारचं पाणी स्टीलच्या तांब्यात आणलं. धुरपताबाईंनी ते सगळं पिऊन टाकलं, उभ्यानंच. तांब्या परत देताना त्यांनी विचारलं, "लेकरू बरं हाय का आता?"

"हो. बरंय आता."

"उकळून देत जा. जारचं पण."

एवढंच बोलून त्या निघाल्या. मी सुनितापाशी थांबले. तिला जे बोलले होते ते परत घ्यायचं होतं. पण तिनंच माझा हात धरला आणि सोडून दिला. मागून ओमप्रकाशचा दबलेला आवाज येत होता. पेढे तसेच राहिले.

रस्ता ओलांडून माझ्या गल्लीत आलो. प्रेमदास पुढं, ताडताड. मी म्हणाले, "मी उगाच विटाळाचं डोक्यात घेतलं. तसं काही नव्हतंच."

धुरपताबाई थांबल्या. त्या रागावल्यावर कशा दिसतात, हे मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

"विटाळ असता तर बरं झालं असतं, बाई. मी घर घेतलं असतं. विटाळ धरणारी माणसं सामान भरून निघून गेली असती. हे पाणी कुठं जातं? ते तिथंच ऱ्हाणार. माझ्यामागं पण ऱ्हाणार."

तक्रार करायला हवी, असं मी म्हणाले. कुठं, कोणाकडं, हे मलाही नीट सांगता आलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमचं घर तर वाटेवर हाय. त्या घराकडं जाणारा तुमच्याच दारावरून जातो. त्याला एवढंच इचारा, पाणी पिला का तिथलं."

प्रेमदास अजून भाड्याच्याच खोल्यांत आहे. घर शोधणं चालू आहे. धुरपताबाई तांड्यावरून दर रविवारी येतात, रुपासाठी हरभऱ्याची भाजी नाहीतर हुरडा घेऊन. कुठलंही घर बघायला गेलं की प्रेमदास आता स्वतःच आधी पाणी मागतो.

पलीकडची पाटी अजून आहे. ओमप्रकाश मला नमस्कार करत नाही. परवा एक जोडपं माझ्या दारावरून पत्ता विचारत गेलं. वयानं लहानच दिसत होतं, बाईच्या कडेवर लहान मूल होतं. मी पत्ता सांगितला आणि म्हणाले, "घर बघा, चांगलं आहे. फक्त फरशी बघायच्या आधी मागच्या नळाचं तांब्याभर पाणी मागा." ती दोघं माझ्याकडं पाहून जरा हसली, म्हातारी काहीतरीच बोलते अशी.

मी दारातच उभी राहिले. थोड्या वेळानं ती दोघं परत आली, आणि या वेळी हसत नव्हती. मूल बापाच्या कडेवर होतं आणि बाई पदरानं त्याचे ओले हात पुसत होती, पुन्हा पुन्हा. पलीकडं स्वयंपाकघराच्या खिडकीत सुनिता उभी होती. तिनं पडदा ओढून घेतला नाही.